रानातला उत्तिस कुंडीत येताना : गाठी जपाव्यात, भुंगेरे मागे ठेवावेत

सिक्कीम किंवा दार्जिलिंगच्या डोंगरउतारावरील मोठ्या वेलचीच्या बागेत शिरले, की वेलचीच्या झुडपांवर सावली धरून उभी असलेली करड्या सालीची सरळसोट झाडे दिसतात. हा आल्डर. वनस्पतिशास्त्रात त्याला आल्नस नेपालेन्सिस म्हणतात. नेपाळी बोलणारे शेतकरी त्याला उत्तिस म्हणतात, आणि कुमाऊंतही याच्याशी मिळतेजुळते नाव चालते. दरड कोसळून उघड्या पडलेल्या जमिनीवर सर्वांत आधी उगवणाऱ्या झाडांत त्याची गणना होते. वेगाने वाढणारे, तोडले तरी पुन्हा फुटणारे आणि लहानपणीच जून दिसू लागणारे हे झाड बोन्सायच्या हौशी मंडळींच्या नजरेस पडले नसते तरच नवल. रानात नैसर्गिकरीत्या वाढलेले झाड उचलून त्याचे बोन्साय करण्याच्या पद्धतीला जपानी भाषेत यामादोरी म्हणतात. तो शब्द आता आपल्याकडील हौशी गटांतही रुळला आहे.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाकडे बोन्सायची विचारणा सहसा झाड मरायला लागल्यावर येते. पाने पिवळी पडली, खोडाला भोके पडली, मुळांवर गाठी आल्या, अशा तक्रारींसह. यांतील पहिल्या दोन तक्रारी खऱ्या असतात. तिसरी बहुतेक वेळा तक्रारच नसते आणि तिच्यावर केलेला उपाय हेच पहिल्या तक्रारीचे कारण असते. प्रस्तुत लेखाचा भर त्यामुळे फांद्यांना वळण देण्याच्या कलेपेक्षा जमिनीखालच्या भागावर अधिक आहे.

मुळांवरील गाठी म्हणजे रोग नव्हे

तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवरील गाठी आणि त्यांतील रायझोबियम जिवाणू आपल्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. आल्डर हे द्विदल कडधान्यांच्या कुळातले झाड नाही, ते भूर्जवृक्षाच्या कुळातले. तरीही हवेतील नत्र जमिनीत स्थिर करण्याची सोय त्याने करून घेतली आहे. त्याचा जोडीदार मात्र वेगळा आहे. फ्रँकिया नावाचा हा सूक्ष्मजीव तंतूंसारखा वाढणारा, अॅक्टिनोमायसीट गटातील आहे. तो प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात वाढवणे फार काळ जमले नव्हते. ते १९७८ मध्ये साधले.

या गाठींचे रूप कडधान्यांच्या गाठींपेक्षा निराळे असते. हरभऱ्याची गाठ एका हंगामापुरती असते. आल्डरची गाठ बहुवर्षायू व काष्ठमय असून वर्षागणिक तिला नवी टोके फुटत जातात. त्यामुळे जुनी गाठ पोवळ्याच्या किंवा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गुच्छाकार दिसते. काही गाठी लिंबाएवढ्या होतात. बहुतेक गाठी जमिनीच्या वरच्या थरात, खोडाच्या जवळपासच सापडतात. कडधान्याची गाठ कापून आतील गुलाबी रंगावरून ती कार्यक्षम आहे की नाही हे आपण ठरवतो. आल्डरच्या बाबतीत ती खूण शोधू नये. येथे टोकांकडे पाहावे. टोके फिकट, पिवळसर व टणक असतील तर गाठ जिवंत आहे. काळपट, पोकळ, बोटाने चुरडणारी असेल तर ती मेलेली आहे.

या गाठींना सूत्रकृमींच्या गाठी समजण्याची चूक सर्रास होते, आणि ती मी स्वतः केली आहे. पीएच.डी. पूर्ण करून पूर्व हिमालयात पहिल्यांदा कामाला गेलो त्या वर्षी एका वेलची उत्पादक शेतकऱ्याने बागेतल्या विरळणीत निघालेली मनगटाएवढ्या खोडाची दोन उत्तिसची झाडे मला दिली. मुळांवर गाठींचे घोस होते. टोमॅटो आणि डाळिंबाच्या मुळांवरील सूत्रकृमींच्या गाठी पाहण्यात माझी उमेदीची वर्षे गेलेली. मी एका झाडाची सगळी माती धुऊन काढली, गाठी कात्रीने कापल्या, उरलेली मुळे पुन्हा पुन्हा धुतली आणि ते स्वच्छ वाळूत लावले. दुसरे झाड वेळेअभावी तसेच मातीसकट एका पत्र्याच्या डब्यात राहिले. पुढच्या पावसाळ्यात डब्यातले झाड काळेभोर हिरवे होते आणि मी निगुतीने 'शुद्ध' केलेले झाड पिवळे, खुरटलेले होते. बाग पाहायला आलेल्या त्या शेतकऱ्याने दोन्ही झाडांकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, उत्तिसच्या गाठी कापायच्या नसतात. त्या आहेत म्हणून तर खाली वेलची आहे." कृषिविद्येची पुस्तके वाचून मला जे ठाऊक असायला हवे होते, ते त्याला बागेत वावरून ठाऊक होते.

पुढची चूक मी लगेच केली. पिवळे झाड हिरवे करण्यासाठी युरिया दिला. झाड हिरवे झाले खरे, पण पाने हाताच्या पंजापेक्षा मोठी आली आणि दोन पेरांतील अंतर इतके वाढले की त्या फांद्या बोन्सायच्या कामाच्या उरल्या नाहीत. शिवाय जमिनीत तयार नत्र भरपूर असले की झाड गाठी धरण्याचे टाळते. ज्याला घरात धान्य आहे तो उसनवारीला कशाला जाईल? युरिया बंद करून, डब्यातल्या झाडाखालची दोन ओंजळी माती मिसळली, तेव्हा कुठे नव्या गाठी दिसू लागल्या.

दोन्ही प्रकारच्या गाठी ओळखणे अवघड नाही. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मुळाचाच फुगलेला भाग असतो. मूळ एका बाजूने आत शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, जणू दोऱ्यात ओवलेला मणी. ती उभी चिरून भिंगाखाली पाहिली तर मोत्यासारख्या पांढऱ्या, नासपतीच्या आकाराच्या माद्या दिसतात. फ्रँकियाची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली, फांद्याफांद्यांची असते आणि मूळ तिच्या बाजूने सरळ पुढे जाते. शंका असेल तर एकच गाठ चिरून पाहावी, सगळ्या कापू नयेत.

कोठून उचलावे, कोठून उचलू नये

आल्डरचे बी अतिशय हलके व पंखयुक्त असते. वाऱ्याने उडून ते उघड्या, उन्हाच्या मातीवर पडले तरच नीट रुजते. पालापाचोळ्याच्या जाड थरात रुजत नाही. म्हणूनच ताज्या दरडीवर, नदीच्या गाळात, रस्त्याच्या कापलेल्या कडेला त्याची रोपे गर्दीने दिसतात. बोन्सायसाठी सर्वांत आकर्षक झाडेही तेथेच असतात. दगड कोसळून वाकलेली, गुरांनी कुरतडलेली, शेंडा मोडून बाजूने फुटलेली झाडे कोणाही हौशी माणसाला मोह पाडतात.

दरडीवरील झाडांना हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोपे कितीही दाट असोत, सुटलेल्या उतारावरील मातीला धरणारी तेवढीच एक गोष्ट तेथे असते, आणि झाड उपटताना पडलेला खड्डा पावसाच्या पाण्याला वाट करून देतो. शिवाय राखीव वनातून परवानगीशिवाय झाड काढणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. गावाच्या सामायिक वनाचे नियम राज्याराज्यांत वेगळे असल्याने आधी ग्रामसंस्थेला व वन कार्यालयाला विचारावे आणि परवानगी लेखी घ्यावी.

मग झाड मिळवायचे कोठून? वेलचीच्या बागेत सावली प्रमाणाबाहेर वाढू नये म्हणून शेतकरी आल्डरची विरळणी करतातच. पायवाटेवर, पाण्याच्या चरात, बांधावर उगवलेली रोपे ते दरवर्षी विळ्याने छाटतात. ही छाटणी तीन-चार वर्षे होत राहिली, की जमिनीलगत जाड बुंधा आणि वर बारीक फुटवे असा आकार आपोआप तयार होतो. रस्ता रुंदीकरणात मातीखाली जाणारी झाडेही रीतसर परवानगीने उचलता येतात. मालकाच्या संमतीने, जे झाड तसेही जाणार आहे तेच घ्यावे. त्यात शेतकऱ्याला चार पैसे मिळण्याची शक्यताही आहे. मात्र त्यासाठी मुद्दाम चांगली उभी झाडे उपटली जाऊ लागली तर वेलचीचे नुकसान होईल. विस्तार कार्यकर्त्यांनी याकडे लक्ष ठेवावे.

उचलण्याची वेळ आणि कापणी

उत्तिसला शरद ऋतूत फुले येतात. नरफुलांचे लांब लोंबते तुरे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास दिसतात. त्यानंतर थंडीत पाने गळतात. झाड निष्पर्ण असताना, कळ्या फुगू लागण्यापूर्वी, म्हणजे उंचीनुसार जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत ते उचलावे. कमी उंचीवर झाड पूर्ण निष्पर्ण होत नाही. तेथेही कळ्यांकडेच पाहून वेळ ठरवावी.

शक्य असेल तर वर्षभर आधी तयारी करावी. बुंध्याभोवती अर्ध्या वर्तुळात चर खणून मुळे कापावीत आणि चर वाळू-पालापाचोळ्याने भरावा. आतल्या बाजूस तंतुमुळांचा जुडगा तयार होतो व पुढील वर्षी झाड उचलणे सुरक्षित होते.

खोड किती खाली कापावे याबाबत एक दक्षता हवी. नागालँडमधील खोनोमा गावचे अंगामी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या झूम शेतीत आल्डर राखत आले आहेत. झाड माणसाच्या उंचीच्या थोडे वर छाटायचे, फुटलेल्या धुमाऱ्यांपैकी निवडक ठेवायचे, खाली पिके घ्यायची आणि जमीन पडीक असताना झाडाला पुन्हा वाढू द्यायचे, अशी ती पद्धत आहे. छाटून छाटून गाठाळ झालेले तेथील बुंधे पाहिले, की हे झाड छाटणी किती सोसते याची खात्री पटते. पण ते शेतकरी झाड जमिनीत, पूर्ण मुळांसह उभे असताना छाटतात. आपण त्याच वेळी मुळेही कापत असतो. कोवळ्या खोडावर कोठेही फुटवे येतात, जाड जून खोड बुडाशी कापले तर कित्येकदा येत नाहीत. म्हणून एखादी जिवंत फांदी किंवा ठसठशीत कळी खाली राखून तिच्या वरच कापावे आणि खुंटाचा थोडा भाग जास्तीचा ठेवावा. तो पुढे वाळला की मग काढता येतो. ताजा काप हवेशी संपर्क येताच केशरी-लालसर होतो. नवख्याला तो रोग वाटतो, पण या लाकडाचा तो स्वभावच आहे. हे लाकूड हवेत लवकर कुजते, त्यामुळे मोठा काप लेपाने झाकलेला बरा. मृत लाकूड उघडे ठेवून केलेली जुनिपरसारखी शिल्पे या झाडात टिकत नाहीत.

मातीबरोबर कोण येते

येथे खरी अडचण सुरू होते. गाठी वाचवायच्या तर माती ठेवली पाहिजे. माती ठेवली तर तिच्यातील किडीही आल्या. हिमालयाच्या मातीत हुमणीच्या अनेक जाती आहेत. उत्तराखंडात तिला कुरमुला म्हणतात आणि तेथील डोंगराळ शेतीत ती मोठे नुकसान करते. रानातील मातीचा गोळा रोपवाटिकेत आणणे म्हणजे शेजारच्या बटाट्याला किंवा आल्याला पाहुणे आणणे. सिक्कीममध्ये रासायनिक कीटकनाशक मातीत ओतण्याचा पर्यायही नाही; २०१६ मध्ये ते संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झाले आहे.

मी सुचवतो ती पद्धत साधी आहे. झाड उचललेल्या जागीच, पांढऱ्या प्लास्टिकच्या कागदावर, मुळांच्या गोळ्याची बाहेरची एक तृतीयांश माती बोटांनी व काडीने सोडवावी. इंग्रजी 'सी'च्या आकारात वळलेल्या पांढऱ्या अळ्या, कोष, मुंग्यांची अंडी वेचून काढावीत. ही माती तेथेच सोडावी, ती तिथलीच आहे. त्यानंतर उरलेला गोळा पाण्याच्या टाकीत रात्रभर बुडवून ठेवावा. इतर झाडांच्या बाबतीत असे सुचवण्यास मी धजावणार नाही, पण आल्डर ओढ्याकाठी, पाणथळीत वाढणारे झाड आहे आणि एका रात्रीच्या पाण्याने त्याचे काही बिघडत नाही. मुंग्या, गोमा, वाळे, बऱ्याच अळ्या वर येतात. सगळ्याच येतात असे नाही, म्हणून हाताने शोधण्याला पर्याय नाही. बुंध्याजवळील, गाठींच्या भोवतीची माती मात्र शेवटपर्यंत हलवू नये.

खोडाची तपासणी उचलण्यापूर्वीच करावी. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या लाकूड पोखरतात. सालीवरील अंडाकृती किंवा गोल छिद्र आणि बुंध्याशी पडलेला लाकडाचा भुसा ही त्यांची खूण. असे झाड कितीही डौलदार असले तरी घेऊ नये. आतील अळी दिसत नाही, तिचा जीवनक्रम वर्षभर किंवा अधिकही चालतो आणि कुंडीतल्या मनगटाएवढ्या खोडाला एक अळी पुरते.

दुसरा शत्रू नंतर येतो. डाळिंब उत्पादकांना पिन होल किंवा शॉट होल बोरर म्हणून ठाऊक असलेल्या छोट्या भुंगेऱ्यांचे भाऊबंद साऱ्या देशभर आहेत. ते लाकूड खात नाहीत. खोडात बोगदे करून त्यांत बुरशी पेरतात आणि त्या बुरशीवर जगतात. त्यांना झाड सापडते ते वासावरून. ताणाखाली असलेल्या झाडाच्या ऊतींत इथेनॉल तयार होते, आणि हा वास त्यांना ओढून आणतो. नुकतेच उचललेले, निम्मी मुळे तुटलेले झाड म्हणजे त्यांच्या दृष्टीने पाटी लावलेली खानावळ. खोडातून दातकोरणीसारख्या पांढऱ्या भुशाच्या काड्या बाहेर आलेल्या दिसल्या तर भुंगेरा आत शिरला आहे असे समजावे. तोवर उशीर झालेला असतो, म्हणून प्रतिबंध महत्त्वाचा. उचललेले झाड पहिले आठ-दहा आठवडे इतर झाडांपासून दूर, बारीक जाळीखाली, सावलीत ठेवावे आणि खोडावर गेरूचा लेप द्यावा. या काळात झाडाचा ताण जितका कमी तितका भुंगेऱ्याला निरोप कमी जातो.

पानांवरील किडींची चिंता त्यामानाने कमी करावी. पानभुंगेरे आणि त्यांच्या अळ्या आल्डरच्या पानांची चाळण करतात. मोठ्या झाडावर त्यांचे काही करता येत नाही, पण बोन्सायला पानेच मोजकी असतात. पावसाळ्यापूर्वीच्या नव्या पालवीत दर दोन दिवसांनी पानाची खालची बाजू पाहून अंड्यांचे पुंजके बोटाने पुसून टाकले की काम भागते.

कुंडीतील पहिली वर्षे

पहिली दोन वर्षे झाड उथळ बोन्साय कुंडीत घालू नये. लाकडी खोक्यात किंवा मोठ्या कुंडीत भरड वाळू, विटांचे तुकडे व कुजलेला पाला यांच्या मिश्रणात, मूळची माती सांभाळून लावावे. आल्डरला कोरडेपणा अजिबात सोसत नाही. एक दुपार पाण्याविना गेली तरी फांद्यांची टोके करपतात. उन्हाळ्यात कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवावी.

नत्रयुक्त खत देऊ नये. स्फुरद मात्र लागते, कारण गाठींचे काम त्याच्यावाचून मंदावते. हाडांचा चुरा थोड्या प्रमाणात पुरेसा होतो. गाठी नसलेले रोप हाती आले असेल, तर निरोगी उत्तिसची एक-दोन ताजी गाठ स्वच्छ धुऊन, ठेचून, पाण्यात कालवून ते पाणी मुळांशी द्यावे. रोपवाटिकांत ही जुनी व खात्रीची पद्धत आहे. मूळ झाड सूत्रकृमीमुक्त असल्याची खातरजमा आधी करावी.

उत्तिसचे पान बरेच मोठे असते. शेंडे सतत खुडून बारीक फांद्यांची संख्या वाढवली की पान लहान होते, तरी फार लहान होत नाही. म्हणून दीड-दोन फुटांपेक्षा कमी उंचीचे बोन्साय या जातीत बेडौल दिसते. आतल्या बाजूच्या, सावलीत राहिलेल्या फांद्या हे झाड बिनदिक्कत सोडून देते. वरचा जोर आवरला नाही तर खालची महत्त्वाची फांदी एका हिवाळ्यात वाळून जाते. साल मऊ असल्याने तारेचे वळ लवकर उमटतात. पावसाळ्यात तर दर पंधरवड्याला तार पाहावी.

मैदानी महाराष्ट्रातील वाचकांना मी उत्तिसची शिफारस करणार नाही. विदर्भाचा किंवा मराठवाड्याचा उन्हाळा त्याला झेपणार नाही आणि डोंगरातली माती इतक्या दूर आणणे कीडनियंत्रणाच्या दृष्टीने अयोग्यच आहे. ज्यांना हा सहजीवनाचा खेळ घरी पाहायचा आहे त्यांच्यासाठी कोकणातला सुरू आहे. तोही द्विदल कडधान्यांचा नातेवाईक नसून त्याच्याही मुळांवर फ्रँकियाच्याच गाठी असतात, आणि त्याचे बोन्सायही देखणे होते. दोघांचे फ्रँकिया मात्र वेगवेगळ्या गटांतले आहेत. उत्तिसच्या गाठी ठेचून सुरूला घातल्या तर उपयोग होत नाही. सुरूच्या जुन्या बनातली, त्याच झाडाखालची मूठभर माती आणावी लागते.